बोडखीवरचा काटेचेंडू

"थांबवा! अहो, थांबवा म्हणते ना! जल्दी!"

काळ्या-पिवळ्या जीपच्या मधल्या सीटवरून साळवे मॅडम ओरडल्या आणि ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला. घनसावंगीला परीक्षेची ड्यूटी आटोपून आम्ही अंबडला परत निघालो होतो. जीपमध्ये नेहमीसारखी माणसांवर माणसं. ड्रायव्हरला वाटलं, मागे लटकलेला कुणीतरी पडला. तो उडी मारून मागे धावला. मागचे लोक आपलं कोण कमी झालं ते पाहू लागले. तोवर मॅडम दुसऱ्या बाजूने उतरल्या होत्या, साडी घोट्याच्या वर खोचून रस्त्याकडेची चारी ओलांडली होती आणि समोरच्या डोंगराचा उतार चढायलाही लागल्या होत्या.

त्या डोंगराला सगळे बोडखी म्हणतात. त्याच्यावर झाड नाही, देऊळ नाही, पाणी नाही. पावसाळ्यानंतर थोडं गवत उगवतं, ते दिवाळीनंतर पिवळं पडतं आणि मग नुसता दगड आणि मुरूम. रोज त्या रस्त्याने जाणाऱ्यांनीही त्या डोंगराकडे कधी मान वळवली नसेल.

बऱ्याच वेळाने मॅडम खाली आल्या. बोटातून रक्त येत होतं, पदराला कुसळं चिकटलेली, आणि रुमालात धरलेलं एक काटेरी फूल. निळंजांभळं, गोल, लहान मोसंबीएवढं. सगळीकडून काटे उभे राहिलेले, जणू एखाद्याने निळा चेंडू सुयांनी टोचून ठेवलाय.

ड्रायव्हर वैतागला होता. "मॅडम, यासाठी गाडी थांबिवली? हे तर गाढवाचं खाणं हाये."

"गाढवाला कळलं मंग," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही रोज इथून जाऊन राह्यले, तुम्हाला कळलं न्हाई."

जीपमध्ये हशा पिकला. मग अंबड येईपर्यंत ते फूल हातोहात फिरलं. एका आजीबाईंनी ते नाकाला लावलं आणि काटा टोचून घेतला. मॅडम प्रत्येकाला सांगत होत्या, हा काटेचेंडू, सूर्यफुलाच्या खानदानातला, कुणी उंटकटारा म्हणतं, रस्त्याकडेला पुष्कळ सापडतो. पण तो लिंबाएवढा असतो, पांढुरका असतो. हा एवढा मोठा आणि एवढा निळा कसा? ड्रायव्हरनेसुद्धा शेवटी आरसा खाली करून तो पाहिला.

मी त्या वर्षी नुकताच अंबडच्या कॉलेजात मराठी शिकवायला लागलो होतो. साळवे मॅडमना मी तोवर फक्त स्टाफरूममध्ये पाहिलं होतं. त्या दिवशी ओळख झाली.

सुजाता साळवे. वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. उंचीने लहान, सावळ्या, केस घट्ट बांधलेले, साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. खांद्यावर पिशवी, तिच्यात जुनी वर्तमानपत्रं, एक खुरपं आणि जेवणाचा डबा, सगळं एकत्र. गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग. त्यांचे यजमान नवीन जालन्यात बँकेत होते. शांत, मिश्कील माणूस. ते म्हणायचे, "लग्नात मी हिच्या गळ्यात जे घातलं ते कपाटात हाये. ही काच मात्र झोपतानासुद्धा निघत न्हाई."

मॅडमचं गाव घनसावंगीच्या पलीकडे, गोदाकाठचं. वडील प्राथमिक शाळेत शिक्षक. आजोबांनी छप्पन्नच्या धर्मांतरानंतर गावात सगळ्यात आधी मुलींना शाळेत घातलं, हे त्या फार अभिमानाने सांगायच्या. गाव म्हणजे ऊस, कापूस आणि नजर पोचेल तिथवर सपाट काळी माती. वडिलांबरोबर पहिल्यांदा अंबडला आल्या तेव्हा समोर डोंगर दिसला आणि त्यांनी विचारलं, "अण्णा, हे कुणी रचलं?" त्यांच्या आयुष्यातला तो पहिला डोंगर. वडिलांनी हात धरला म्हणून, नाहीतर त्याच पावली चढून गेल्या असत्या. ही गोष्ट सांगताना त्यांचे डोळे असे मोठे व्हायचे की डोंगर आत्ताच समोर उभा राहिलाय असं वाटावं.

वर्गात त्या पुस्तकी मराठी बोलायच्या. पण रंगात आल्या की गोदाकाठची बोली सुटायची आणि मग थांबायची नाही. झाडांबद्दल बोलताना तर नात्यातल्या माणसांबद्दल बोलतायत असं वाटायचं. "ही लई चोंबडी, जिथं जागा दिसंल तिथं घुसणार." "हा भित्रा, ऊन चढलं की मिटून घेतो." "याचं सगळं खानदानच काटेरी, पण पोटात साखर." नव्या माणसाला वाटायचं, मॅडम शेजाऱ्यांच्या चुगल्या करतायत. आमचे गणिताचे सर एकदा अर्धा तास "ती घाणेरी" म्हणजे कोण बाई असेल याचा विचार करत बसले होते.

त्यांचा चहा नेहमी गार व्हायचा. कप तोंडाशी न्यायच्या, तेवढ्यात काहीतरी आठवायचं आणि कप हवेतच राहायचा. डबा उघडला की भाजी बाजूला आणि वांग्याचा देठ हातात. "याला बघा, हा टोमॅटोचा चुलतभाऊ." आम्हाला भूक लागलेली असायची. पण ऐकत राहायचो, कारण त्यांच्या आवाजात असं काहीतरी असायचं की पुढच्या क्षणी फार मोठी बातमी कळणार आहे.

खंडेनवमीची एक गोष्ट सांगतो. त्या दिवशी प्रयोगशाळेतली सगळी उपकरणं पुसून मांडली होती. प्रयोगशाळेचं काम बघणारे रहीमभाई हौशी माणूस. त्यांनी स्वतः झेंडूचे हार ओवून सूक्ष्मदर्शकांना घातले होते. मुलं जमली होती. मॅडम आल्या, हारांकडे बघून खूष झाल्या आणि म्हणाल्या, "रहीमभाई, एका हारात किती फुलं ओवली?"

"होंगे चाळीस-पन्नास, मॅडम."

"बिलकुल न्हाई. हजारो!"

रहीमभाई हसले. मॅडमनी हारातला एक झेंडू ओढून काढला आणि टेबलावर सोलायला घेतला. एकेक पाकळी काढून पांढऱ्या कागदावर ठेवत गेल्या आणि भिंग मुलांच्या हातात दिलं. "तुम्ही हिला पाकळी म्हणता. ही पाकळी न्हाई, ही पूर्ण एक फूल हाये. खाली बघा, हिचं स्वतःचं बी. ही बघा हिची जीभ. झेंडू, शेवंती, सूर्यफूल, सगळं खानदान असंच. आपल्याला एक फूल दिसतं, तिथं आख्खा गाव बसलेला असतो."

कागद भरत गेला. मुलांनी मोजायचा प्रयत्न केला, मग नाद सोडला. रहीमभाई भिंग डोळ्याला लावून कितीतरी वेळ बघत होते. मग वर मान करून म्हणाले, "या अल्ला, मैं इतने साल से क्या पिरोता था?"

मॅडमनी टाळी वाजवली. दुसऱ्या दिवशी दसरा, म्हणजे त्यांचा धम्मचक्राचा दिवस. पांढरी साडी नेसून, घरी खीर खाऊ घालतानाही त्या आम्हाला रहीमभाईंचं तेच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकवत होत्या.

आणि काटेचेंडू तर त्याच्याही पुढचा. या खानदानात एका चेंडूत पुष्कळ फुलं एकत्र राहतात. काटेचेंडूने काय केलं, तर प्रत्येक फुलाला स्वतःचं वेगळं घर दिलं, आणि मग ती सगळी घरं परत एकत्र आणून त्यांचा गोळा केला. "वाटण्या झाल्या," मॅडम सांगायच्या, "चुली येगळ्या झाल्या, आन् मंग सगळे परत एका वाड्यात राहायला आले. काहून आले? कुणाला सांगता येत न्हाई!" सूर्यफूल कडेकडून आत फुलत जातं, हा वरच्या टोकापासून खाली फुलतो. हे सांगताना त्या बोट हवेत वरून खाली फिरवायच्या.

जीपचा तो दिवस झाल्यावर मॅडम दर रविवारी बोडखीवर जायला लागल्या. कधी यजमान मोटारसायकलवर सोडायचे, कधी एसटी. डोंगराच्या पायथ्याच्या एका घळीत तसले मोठे, निळे काटेचेंडू बऱ्यापैकी होते. बाकी डोंगरावर एकही नाही. त्यांनी फांद्या दाबून वाळवल्या, फोटो काढले, आणि सगळं पुण्याच्या एका वयोवृद्ध तज्ज्ञांकडे पाठवलं. सोबत विचारलं, ही नवी जात असू शकेल का?

आता हे गुपित त्यांनी ठेवलं असतं तर बरं होतं. पण साळवे मॅडम आणि गुपित, हे जमणारच नाही. आधी स्टाफरूमला कळलं, मग प्राचार्यांना. प्राचार्य उत्साही गृहस्थ. त्यांनी एका स्थानिक पत्रकाराला सांगितलं. दोन दिवसांनी बातमी आली: अंबड तालुक्यात नव्या वनस्पतीचा शोध. बातमीत प्रश्नचिन्ह नव्हतं. मॅडम धावत प्राचार्यांच्या खोलीत गेल्या. "सर, अजून उत्तर आलेलं न्हाई!" प्राचार्य म्हणाले, "येईल हो. तोवर आपण स्नेहसंमेलनात सत्काराचं बघू." झाडाच्या नावात अंबडचं नाव आलं पाहिजे, हेही त्यांनी ठरवून टाकलं होतं. मोठा फलक तयार झाला. त्यावर मॅडमचा फोटो आणि शेजारी काटेचेंडू.

स्नेहसंमेलनाच्या दिवशी सकाळी मॅडमना पुण्याहून फोन आला. त्या वेळी त्या कॉलेजच्या अंगणात रांगोळी बघत उभ्या होत्या. मी थोड्या अंतरावर होतो. त्या ऐकत होत्या, मध्येच "हो सर", "बरोबर सर" म्हणत होत्या. फोन ठेवला आणि तशाच उभ्या राहिल्या. उत्तर काय आलं ते चेहऱ्यावर दिसत होतं.

कार्यक्रमाला तालुक्यातले बरेच मान्यवर आले होते. मंडप भरला होता. प्राचार्यांनी भाषणात मॅडमना तालुक्याचं भूषण म्हटलं. टाळ्या पडल्या. पाहुणे शाल उलगडून पुढे झाले, आणि मॅडमनी दोन्ही हात पुढे करून शाल अडवली.

"थांबा. आधी मला बोलू द्या."

माइकपाशी गेल्या. माइक त्यांच्यापेक्षा उंच होता. तो खाली ओढून घेतला.

"पुण्याहून सरांचा फोन आला. मी पाठवलेलं झाड नवीन न्हाई. आपल्या रस्त्याकडेला जो काटेचेंडू उगवतो, तोच हा. पान, काटे, अंगावरची लव, सगळं त्याच्याशी जुळतं. फक्त मोठा झालाय. म्हणजे मी चुकले. म्हणून हा सत्कार मला घेता येणार नाही."

मंडपात माना एकमेकांकडे वळल्या. मग मागून कुणीतरी शीळ घातली, कुणी "गाढवाचं खाणं!" असं ओरडलं, आणि हसण्याची लाट आली. प्राचार्यांचा चेहरा पांढरा पडला होता. मॅडम हलल्या नाहीत. हसणं ओसरेपर्यंत थांबल्या.

"हसा, हसण्यासारखंच हाये. पण मला एक सांगा. तोच काटेचेंडू रस्त्याकडेला लिंबाएवढा, आन् बोडखीवर मोसंबीएवढा. तोच रस्त्याकडेला पांढरा, आन् डोंगरावर निळाभोर. जात एकच. मंग झालं काय? तिथल्या मातीनं केलं का त्याच्या रक्तातच काही हाये? सकाळपासून माझ्या डोक्यात दुसरं काही न्हाई. तुमच्यापैकी कुणाला ठावं असलं तर आत्ता सांगा."

कुणालाच ठाऊक नव्हतं. पण त्या इतक्या खरेपणाने वाट बघत उभ्या होत्या की पहिल्या रांगेतले एक पाहुणे दचकून इकडे-तिकडे पाहू लागले. मग मुलींच्या बाजूने एक टाळी आली, दोन आल्या, आणि मंडप वाजायला लागला. शाल हातात घेऊन ताटकळलेले पाहुणे प्राचार्यांकडे बघत होते. प्राचार्य माइकवर म्हणाले, "शाल नाही तर नाही, मॅडम, नारळ तरी घ्या." मॅडमनी नारळ घेतला.

दुपारी मी प्रयोगशाळेत डोकावलो. मॅडमचे डोळे सुजले होते. मला बघून म्हणाल्या, "या सर. रडून झालं. लई वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? माझ्या अण्णांना फोन करून बातमी सांगितलेली मी, त्यांनी गावभर पेढे वाटले. आता त्यांना परत सांगायचंय." आणि लगेच पुढे, "पण ऐका, मला सुचलंय!"

सुचलं ते असं. बोडखीवरच्या झाडाचं बी आणि रस्त्याकडेच्या झाडाचं बी, दोन्ही एकाच मातीत, एकाच उन्हात, शेजारी शेजारी लावायचं. पाणी सारखं. दोन्ही एकसारखे उगवले तर करामत मातीची. डोंगरावरचं पोर इथंही मोठं आणि निळंच निघालं तर करामत बियाणाची. रहीमभाईंनी तिथल्या तिथे कॉलेजच्या मागची पडीक जागा मोकळी करायला सुरुवातही केली होती. नारळ फोडून झाला होता.

अडचण एकच होती. बोडखीवरचं बी अजून पिकलं नव्हतं. आणि त्याच आठवड्यात मॅडम रविवारी डोंगरावर गेल्या तर पायथ्याशी जेसीबी उभा.

रस्ता रुंद करायचं काम निघालं होतं, त्याच्या भरावाला मुरूम हवा होता, आणि बोडखीचा मुरूम चांगला. रीतसर परवानगी होती. मॅडमनी मला फोन केला, "सर, लवकर या," एवढंच म्हणाल्या. मी पोचलो तेव्हा त्या घळीच्या तोंडाशी उभ्या होत्या आणि जेसीबीचा मालक त्यांच्यासमोर हात जोडून उभा होता. बाळू ढवळे. आडवा-तिडवा माणूस, तिशी उलटलेला. आमच्याच कॉलेजात शिकलेला आणि जीवशास्त्रात दोनदा नापास झालेला.

"मॅडम, माझ्या पोटावर पाय देऊ नका. मशीन उभं राहिलं की भाडं चढतं."

"मी तुला काम बंद कर म्हणत न्हाई बाळू. डोंगर तुझ्या परवानगीचा. पण ह्या घळीत बी पिकून राह्यलंय. पंधरा दिस लागतील."

"पंधरा? मॅडम, आठ दिसात मला पुढच्या साइटवर जायचंय."

"तू काय कर, वरून सुरू कर. खाली येस्तोवर माझं बी पिकतं."

बाळूने डोंगराकडे पाहिलं. वरून सुरू करायचं म्हणजे गाडीला चढायला आधी रस्ता कापायला लागणार, डिझेल जास्त. त्याने डोकं खाजवलं. "मॅडम, एक विचारू? हे एवढं काय हाये त्याच्यात?"

मॅडम जमिनीवर बसल्या. त्यालाही बसवलं. एक चेंडू वाकवून, गळ्यातलं भिंग त्याच्या हातात दिलं आणि बोट वरून खाली फिरवत सांगायला लागल्या. मी बघत होतो. सुरुवातीला बाळूची नजर मशीनकडे होती. मग ती भिंगात गेली. मग तो पालथाच पडला, कोपरांवर. जेसीबीच्या ड्रायव्हरने हॉर्न दिला तर हात हलवून त्याला गप्प केलं.

"आयला," तो म्हणाला. मग जीभ चावली. "मॅडम, हे तुम्ही वर्गात असंच शिकिवलं होतं का?"

"बराबर असंच. तू मागच्या बाकावर झोपल्ता."

बाळूने वरून सुरू केलं.

पुढचे ते दिवस मी विसरणार नाही. कॉलेज सुटलं की मॅडम, त्यांचे यजमान आणि मी एसटीने किंवा मोटारसायकलने बोडखीवर. वरून मशीनचा धडधडाट, धूळ खाली येतेय, आणि खाली मॅडम एकेक चेंडू चाचपून बघतायत, पिकला की नाही. बी पिकलं की चेंडू हातात सुटतो, नाहीतर देठाला घट्ट. कच्चा तोडला तर बी वाया. रोज वरची कड खाली सरकत होती. एके दिवशी वारा सुटला आणि दोन-तीन पिकलेले चेंडू फुटून बिया उडाल्या. मॅडम "अरे अरे!" करत त्यांच्यामागे धावल्या, रुमाल पसरून. यजमान ओरडले, "अगं, पडशील!" त्या पडल्याच. आणि पडल्या पडल्या हसायला लागल्या, मुठीत धरलेलं बी वर करून.

शेवटच्या संध्याकाळी बाळू मशीन बंद करून खाली आला. हातात वेल्डिंगचे जाड हातमोजे. "सरका मॅडम, तुम्ही किती टोचून घ्याल?" राहिलेले चेंडूही तोवर पिकले होते, ते सगळे त्याने काढून दिले. दुसऱ्या दिवशी त्याने घळीच्या कडेला बकेट घातली आणि खट्कन आवाज आला. मुरूम संपला होता. खाली काळा खडक. दोन-तीन ठिकाणी उकरून पाहिलं, सगळीकडे खडकच. मशीन पुढच्या साइटवर गेलं. वरचा अर्धा डोंगर गेला, घळीची खालची पट्टी राहिली. मॅडमनी वाकून त्या खडकावर हात फिरवला. मग म्हणाल्या, "डोंगरानंच वाचिवली."

बी लावलं पावसाळ्यात. रहीमभाईंनी काटेरी कुंपण केलं, तरी एकदा शेळी घुसली. पण तोंड घालून लगेच मागे फिरली, याचा मॅडमना फार आनंद. डावीकडे रस्त्याकडेचं बी, उजवीकडे बोडखीचं. रोपं वर आली तेव्हा दोन्हींत काही फरक दिसेना. पानं तशीच, काटे तसेच. मुलं पैजा लावत होती. स्टाफरूममध्ये दोन पक्ष पडले, मातीवाले आणि बियाणवाले. प्राचार्य बियाणवाले झाले. त्यांना अजून नावाची आशा होती. मॅडमना विचारलं तर म्हणायच्या, "मला काहीच वाटत न्हाई. तोच सांगंल."

पण रोज सकाळी त्यांची पिशवी कुंपणाबाहेर असायची.

दिवाळीची सुट्टी संपून कॉलेज उघडलं त्या दिवशी मी बसमधून उतरून फाटकात आलो तर कॉलेजच्या मागून गलका ऐकू आला. रहीमभाई पळत समोरून आले. "सर, जल्दी चलो, मॅडम पागल हो गए!" मागे गेलो. मुलांचं कडं, मध्ये साळवे मॅडम. डावीकडे पांढुरके, लिंबाएवढे चेंडू. उजवीकडे त्यांच्या दीडपट मोठे, वरच्या टोकापासून निळे पडत चाललेले. एकच माती, एकच पाणी. मॅडम दोन्ही हात वर करून उड्या मारत होत्या. साठीला टेकलेली बाई, पांढरे बूट चिखलाने भरलेले. "हे त्याचं स्वतःचं हाये! मातीनं दिलेलं न्हाई! त्याचं स्वतःचं!" त्या प्रत्येकाला धरून सांगत होत्या. मला धरलं, रहीमभाईंना धरलं, प्राचार्यांचे खांदे धरून हलवले. प्राचार्य म्हणाले, "म्हणजे नवीन जात?"

"नवीन जात न्हाई हो सर! त्याच जातीतलं, पण डोंगरानं आपल्या घरी वाढवलेलं लेकरू!"

पुण्याचे ते वृद्ध तज्ज्ञ पुढच्या आठवड्यात स्वतः एसटीने आले. कुंपणाच्या आत चटई टाकून पालथे झोपले आणि दोन्ही ओळींतली फुलं तासभर बघत राहिले. उठायला दोघांनी हात द्यावा लागला. "साळवे," ते म्हणाले, "मी फोनवर फार लवकर निकाल दिला." मॅडम लाजल्या. पण फार वेळ नाही. लगेच त्यांना जीपमध्ये घालून बोडखीवर घेऊन गेल्या. बाळू ढवळे तिथे आधीच उभा होता, पाण्याची बाटली घेऊन. काढताना गळालेलं मूठभर बी त्याने कुणाला न सांगता कापलेल्या उतारावर फेकलं होतं. तिथे चार-पाच रोपं उभी होती. मॅडमनी त्याच्या पाठीत धपका घातला. "नापास झाल्ता ना रे तू?"

मॅडमच्या अण्णांनी गावात दुसऱ्यांदा पेढे वाटले. या वेळी आधी मॅडमना दोनदा विचारून.

त्या वर्षअखेरीस मॅडम निवृत्त झाल्या. निरोपाच्या भाषणात त्या रडतील असं सगळ्यांना वाटलं होतं. त्यांनी अर्धा तास हिमालयावर भाषण दिलं. काटेचेंडूचे मोठे भाऊ म्हणे तिकडे उंचावर असतात, बर्फाच्या जवळ, दगडांच्या कपारीत. मुलगी डेहराडूनला नोकरीला होती. तिच्याकडे जायचं आणि ते पाहायचे. महिनाभर राहून परत येणार होत्या. आल्या नाहीत. मुलीने राहायला लावलं की डोंगराने, ते मी विचारलं नाही. फोनवर फोटो येतात, प्रत्येक फोटोत एक फूल आणि मागे कुठेतरी यजमानांचं थकलेलं, हसरं तोंड.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते जालन्याच्या स्टेशनवर, त्या निघाल्या त्या दिवशी. यजमान सामान मोजत होते. मॅडमनी नवीन बूट घेतले होते, डोंगर चढायचे, तपकिरी. ते साडीखाली फारच मोठे दिसत होते. गाडी आली, गर्दीत त्या चढल्या, आणि सुटायच्या वेळी दारात येऊन उभ्या राहिल्या. गाडी हलली. मी हात केला. त्यांनी हात केला नाही. त्या माझ्या पायांकडे बघत होत्या, आणि एकदम ओरडायला लागल्या. इंजिनाच्या आवाजात शब्द कळेना. एवढंच कळलं, "सर! खाली! पायाशी!"

मी दचकून खाली पाहिलं. फलाटाच्या फरशीला तडा गेला होता आणि त्यातून एक बारीक, लांब दांडी वर आलेली. टोकाला सदऱ्याच्या बटणाएवढं फूल, मध्ये पिवळं, कडेला पांढरट जिभा. एकदांडी. जिथे-तिथे उगवणारी. माझा बूट तिच्यापासून बोटभर अंतरावर होता. मी पाय मागे घेतला आणि वाकून बघितलं. मधल्या पिवळ्यात बारीक बारीक तारे होते, एकेक वेगळा, कितीतरी.

वर पाहिलं तेव्हा डबा बराच पुढे गेला होता. दारातून एक हात बाहेर आला होता आणि अजून खाली बोट दाखवत होता.